फज उकळताना हलवायचं नसतं, हे पाककृतीत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत 'जुन्या पद्धतीचं चॉकलेट फज' म्हणून पाककृती आली होती (फज म्हणजे वडीसारखी मऊ मिठाई), कंडेन्स्ड मिल्कचा डबा, चॉकलेटचा स्लॅब, मायक्रोवेव्हमधे दोन मिनिटं आणि मग फ्रीजमधे. चवीला वाईट नाही लागत ते, माझ्या मुलीने केलं आणि संध्याकाळपर्यंत संपलं पण. तरी त्याला जुन्या पद्धतीचं म्हणू नका, कारण ते घट्ट होतं ते चॉकलेटमधलं फॅट गार झाल्यावर थिजतं म्हणून, त्यात पाक कुठंच नाही. आणि जुनं फज म्हणजे सगळा पाकाचाच खेळ आहे.

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, नारळाच्या वड्या, लाडू, चिरोटे यांच्या ऑर्डरी घरून घेते, वीसेक वर्षं झाली. त्यामुळे पाकाचं नाव काढलं की मला गप्प बसवत नाही.

फज हे अमेरिकेतलं. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार कॉलेजमधली एमेलिन हार्ट्रिज नावाची विद्यार्थिनी होती, तिच्या एका पत्रात त्याची सगळ्यात जुनी हकिकत सापडते. तिच्या मैत्रिणीच्या नात्यातलं कुणीतरी १८८६ साली बाल्टिमोरला फज करायचं, ४० सेंटला एक पौंड असा भाव होता, एमेलिनने ती कृती मिळवली आणि १८८८ साली कॉलेजच्या कार्यक्रमासाठी ३० पौंड म्हणजे जवळपास साडेतेरा किलो फज केलं. साखर, साय, चॉकलेट आणि बटर, बास, एवढंच सामान. मला हे वाचून फार भारी वाटलं, साडेतेरा किलो घोटायचं म्हणजे दंडात काय ताकद लागली असेल ते ज्याने कधी घोटलंय त्यालाच कळेल.

आता मूळ मुद्दा. आपल्याला आईने, सासूने काय शिकवलं? हलवत राहा, बूड लागेल, हात थांबवू नकोस. नारळाची वडी गोळा होऊन कढई सोडेपर्यंत आपण कालथा खाली ठेवत नाही, आणि ती जरा रवाळ झाली तर आपल्याला आवडते पण. फजमधे नेमकं उलटं आहे. साखर विरघळून उकळी फुटेपर्यंत हलवायचं आणि एकदा उकळी आली की हात काढून घ्यायचा. गरम पाक हलवला की साखरेचे मोठे मोठे खडे धरतात, आणि गार झाल्यावर जोरात घोटला की एकदम असंख्य बारीक कण तयार होतात, इतके बारीक की जिभेला लागतच नाहीत. फजची सगळी मऊसर चव तिथं आहे. हे एक वाक्य कृतीत नसलं तर माझ्यासारख्या सवयीचा हात असलेल्या बाईचा पहिला घाणा वाया जाणारच, माझा गेला. उकळत असताना सवयीने हलवलं, कडेची सुकलेली साखर पण खरवडून आत ढकलली, आणि अर्ध्या तासात सगळं पातेलं साखरून बसलं. आता मी उकळी आली की दोन-तीन मिनिटं वर झाकण ठेवते, वाफेनेच कडेची साखर धुऊन खाली येते.

दुसरा घाणा थर्मामीटर आणून केला. सगळीकडे लिहिलेलं असतं ११२ ते ११५ डिग्री, मी ११५ ला उतरवलं, आणि ते असं कडक झालं की घोटता घोटता त्याचा भुगाच झाला. मग शेजारचे काका, ज्यांनी तरुणपणी मिठाईच्या भट्टीवर काम केलेलं, ते म्हणले, "वहिनी, आधी नुसतं पाणी उकळून बघा की काटा कुठं थांबतोय." बघितलं तर ९७ आणि ९८ च्या मधे. सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या वर आहे, इथं पाणीच शंभराच्या आधी उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. म्हणजे माझं ११५ हे खालच्या गावांचं ११७ च्या पुढचं झालं. तेव्हापासून मी आकडा पाठ करत नाही, आपल्या घरी पाणी जिथं उकळतं तिथून वर १२-१३ डिग्री, की गॅस बंद. थर्मामीटर नसला तरी अडत नाही, वाटीत गार पाणी घ्यायचं, थेंब टाकायचा, पाण्यात त्याची मऊ गोळी वळली आणि बाहेर काढल्यावर बोटावर ती हळूच बसली की झालं. हा आपला गोळीबंद पाकच, जरा कोवळा.

माप देते. तीन वाट्या साखर, दीड वाटी म्हशीचं दूध न साय काढता, पाऊण वाटीला थोडी कमी कोको पावडर, चिमूटभर मीठ, नंतर घालायला पाव वाटी बिनमिठाचं बटर आणि चमचाभर व्हॅनिला. केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, पहिल्यांदा करणाऱ्यांनी ते एक चमचा सुरुवातीलाच घालावं, साखर धरायची भीती कमी होते. पातेलं जाड बुडाचं आणि उंच घ्या, दूध फार वर येतं. गॅस बंद केल्यावर बटर आणि व्हॅनिला वर नुसतं टाकायचं, हलवायचं नाही, पातेलं हलवून बघायचं पण नाही, तासभर तरी लागतो. बुडाला हात टेकवता आला, चटका बसला नाही, म्हणजे साधारण ४३ डिग्री, की लाकडी उलथनं घ्यायचं आणि घोटायला लागायचं.

मग दहा-पंधरा मिनिटं काहीच होत नाही. वरती आरशासारखी चकाकी असते, उलथन्यावरून तार लोंबत राहते, हात भरून येतो आणि वाटतं बिघडलं. आणि मग अचानक उलथनं जड लागतं, रंग जरा फिका पडतो, चकाकी जाते. तो क्षण चुकवायचा नाही, बटर लावलेल्या ताटात लगेच ओतायचं, एखादं मिनिट उशीर झाला तर पातेल्यातच दगड. झालाच तर फेकू नका, थोडं दूध घालून परत विरघळवा आणि पहिल्यापासून उकळा, साखरलेला घाणा पण असाच सुधारतो, मी दोन्ही सुधारलेत.

साताऱ्यात बाहेरून कोण आलं की मोती चौकातून कंदी पेढे घेऊन जातं. त्या पेढ्याचा खवा खरपूस होईपर्यंत भाजायला लागतो, तिथं कोणी दोन मिनिटांचा पेढा काढून त्याला जुना म्हणलं तर आपण ऐकून घेऊ का? तसंच परक्या मुलखातल्या पदार्थाचंही आहे, त्याच्या मागंही कुणाचे तरी हात दुखलेत.

म्हणून विनंती आहे की सोपी कृती जरूर छापा, नोकरी करणाऱ्या मुलींना ती लागते, फक्त नाव 'झटपट फज' द्या. आणि जुनी कृती वेगळी छापा, त्यात हलवायचं कधी थांबवायचं आणि आपल्या गावाच्या उंचीप्रमाणे पाक कसा बघायचा हे दोन्ही लिहा. दिवाळीच्या आधी छापलं तर बरं, आत्ता पावसात कोणी करायला घेऊ नये, हवेतला ओलावा साखर ओढून घेते आणि वड्या चिकट होतात.

आपली,
एक वाचक
शाहूपुरी, सातारा
(कृपया नाव छापू नये)