डिफमधला लाल-हिरवा डोळे झाकून नको

महोदय,

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा विषय आपल्या ठाणे-नवी मुंबई पानावर अधूनमधून येतो. हजेरीचे ॲप, चॅटबॉट, पार्किंग शोधून देणारे काहीतरी, यापलीकडे गाडी सहसा जात नाही. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या कार्यालयांत दिवसभर उघडे असणारे एक साधन मात्र कुणाला सुचत नाही, ते म्हणजे कमांड लाइनवरचा, म्हणजे टर्मिनल या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत चालणारा, डिफ व्ह्यूअर. फाइलच्या दोन आवृत्त्यांतला फरक तो दाखवतो. काढलेली ओळ उणे चिन्हासह लाल, घातलेली ओळ अधिक चिन्हासह हिरवी. त्याला रंगांचे आणि शैलीचे नीट पर्याय देणे हा चार मुलांच्या गटाला सहज पुरेल एवढा विषय आहे.

वरवर हे किरकोळ काम वाटते. 31 म्हणजे लाल, 32 म्हणजे हिरवा, 0 म्हणजे बंद. हे एस्केप कोड, म्हणजे टर्मिनलला रंग सांगणाऱ्या खुणा, छापले की झाले! पण एक्सटर्म या टर्मिनलच्या मूळ रंगांचा हिशेब करून बघा. तिथला लाल (लाल, हिरवा, निळा यांची मात्रा 205, 0, 0) काळ्यावर फक्त 3.6 : 1 एवढ्याच उजळपणाच्या गुणोत्तराने उठून दिसतो आणि हिरवा (0, 205, 0) 9.7 : 1. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल 5.8 होतो आणि हिरवा 2.2 वर घसरतो. वेब सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान 4.5 : 1 मागितले आहे. म्हणजे ही जोडी काळ्यावर एका बाजूने नापास, पांढऱ्यावर दुसऱ्या.

त्यावर उपाय म्हणून मुले अक्षरांऐवजी पार्श्वभूमी रंगवतात. 256 रंगांच्या तक्त्यात 52 हा गडद लाल आणि 22 हा गडद हिरवा. त्यांवर पांढरी अक्षरे अनुक्रमे 14 आणि 8 पटींनी उठून दिसतात, म्हणजे उत्तम. मात्र अक्षरांचा रंग ठरवून दिला नाही, तर पांढरे टर्मिनल वापरणाऱ्याला गडद लालवर काळी अक्षरे मिळतात, 1.5 : 1, वाचणे अशक्य. पार्श्वभूमी द्यायची तर अक्षरांचा रंगही द्यायचा, हा नियमच समजावा. आणि सादरीकरणाच्या दिवशी कॉलेजच्या प्रोजेक्टरवर 22 आणि 52 दोन्ही सारखेच काळपट दिसतात, हेही आधी तपासावे.

ठळक अक्षरांचे दुखणे वेगळे. बरीच टर्मिनले ‘ठळक’ म्हटल्यावर पहिल्या आठ रंगांच्या जागी उजळ आठ वापरतात. सोलराइज्ड ही रंगसंगती लावलेली असेल तर उजळ हिरव्याच्या खणात राखाडी ठेवलेला असतो. परिणामी ठळक हिरवी ओळ राखाडी होते आणि दोष मात्र व्ह्यूअरच्या माथी येतो.

लाल-हिरव्यात गल्लत होण्याचा दृष्टिदोष पुरुषांत जास्त आढळतो, कारण त्याची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. म्हणून निळा-नारिंगी हा तयार पर्याय हवा आणि अधिक-उणे चिन्हे गाळू नयेत. डेल्टा हे डिफ दाखवणारे नावाजलेले साधन मूळ सेटिंगमध्ये ती गाळते, कॉपी करायला सोपे जावे म्हणून. ती ठेवण्याचा पर्यायही देते. आमच्या मते मूळ सेटिंग उलटी हवी.

रंग कधी द्यायचा हेही ठरवावे लागते. आउटपुट टर्मिनलवर जात असेल तरच रंग, फाइलमध्ये किंवा दुसऱ्या आज्ञेकडे जात असेल तर नाही. ‘नेहमी रंग’ ठेवून डिफ फाइलमध्ये साठवला की एस्केप कोड त्यातच बसतात आणि तो पॅच (बदल मूळ फाइलला लावण्यासाठीची फाइल) नंतर लागत नाही. ‘नो_कलर’ (NO_COLOR) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग, रिकामे नसेल तर रंग बंद, त्यात काहीही लिहिलेले असो. पण आज्ञेसोबत दिलेला पर्याय किंवा वापरकर्त्याने स्वतः केलेली सेटिंग त्याहून वरचढ. शिवाय प्रत्येक ओळीचा रंग त्याच ओळीत, शेवटच्या न्यूलाइनच्या (ओळ संपवणाऱ्या चिन्हाच्या) आधी बंद करावा, नाहीतर पार्श्वभूमी खालच्या ओळीत ओघळते.

मराठी मुलांनी खरा हात घालावा तो ओळीच्या आतल्या फरकाला. ‘पाणि’चे ‘पाणी’ केले. ऱ्हस्व वेलांटीचे यूटीएफ-8 या साठवणपद्धतीतले बाइट 224, 164, 191 आणि दीर्घ वेलांटीचे 224, 165, 128. पहिला बाइट सारखाच! बाइटशः तुलना करणारा व्ह्यूअर वेलांटीच्या पोटातच रंगाचा कोड खुपसतो आणि पडद्यावर प्रश्नचिन्हे उमटतात. कोडपॉइंटशः, म्हणजे युनिकोडच्या एकेका चिन्हाने, तुलना केली तर कोड ‘ण’ आणि वेलांटीच्या मध्ये येतो. वेलांटी बिचारी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. रंगवायचे ते अख्खे ‘णी’. त्यासाठी युनिकोडने ठरवलेल्या ग्राफीम क्लस्टरच्या, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणाऱ्या गटाच्या, सीमा वापराव्यात, आणि लायब्ररी युनिकोड 15.1 (2023) किंवा त्यापुढच्या आवृत्तीची घ्यावी. ‘क्ष’सारखी जोडाक्षरे एकत्र धरण्याचा नियम तेव्हा आला. अक्षरांची रुंदी प्रत्येक टर्मिनल आपापल्या परीने मोजते, त्यामुळे शेजारी-शेजारी दोन रकान्यांची मांडणी देवनागरीत हमखास सरकते. अशा फाइलला वर-खाली मांडणीच बरी.

पर्यायांची नावे रंगावरून न देता भूमिकेवरून द्यावीत: काढलेली ओळ, घातलेली ओळ, त्यांतला बदललेला भाग, हलवलेली ओळ. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने 2017 मध्ये, 2.15 या आवृत्तीत, हलवलेल्या ओळींना वेगळे रंग देण्याची सोय केली. तिचे दस्तऐवज मुलांनी जरूर वाचावेत.

परीक्षकांना एक विनंती. प्रकल्प बघताना तीन गोष्टी करून दाखवायला सांगा: टर्मिनल पांढरे करा, रंग पूर्ण बंद करा, आणि वेलांटी बदललेली एक मराठी फाइल उघडा.

– दोन प्रोग्रॅमर, ऐरोली