अर्ज वाचून देणाऱ्या काकांस अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत शिकाऊ प्रशिक्षणार्थी म्हणून माझी निवड झाल्याचे आपल्याला दूरध्वनीवर कळवले आहेच. तरीही हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. कार्मिक विभागातून निवृत्त झालेल्या आणि चिपळूणच्या वाचनालयात वर्तमानपत्रे चाळायला येणाऱ्या एका गृहस्थांनी, कसलीही ओळखपाळख नसताना, महाविद्यालयातील मुलामुलींचे अर्ज ओळ न् ओळ तपासून द्यावेत, ही गोष्ट चार लोकांना कळायला हवी असे मला वाटते.

आपण माझा रेझ्युमे हातात घेतलात तेव्हा त्यात वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, रक्तगट आणि उंची एवढे सगळे पहिल्या अर्ध्या पानात होते. ‘हा कागद स्थळ पाहणाऱ्यांसाठी आहे की प्रयोगशाळेसाठी?’ एवढेच आपण विचारलेत आणि त्या अर्ध्या पानावर रेघ ओढलीत. शेवटी येणारे ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञापन, स्थळ, दिनांक आणि सहीची जागा हेही गेले. मात्र सरकारी भरतीच्या विहित नमुन्यात हे सारे मागितले असेल तर ते जसेच्या तसे भरायचे, तिथे आपली अक्कल चालवायची नाही, हेही आपण त्याच वेळी बजावलेत. खासगी कारखान्याचा अर्ज आणि सरकारी नमुना यांतला हा भेद आम्हाला वर्गात कोणी सांगितला नव्हता.

खरे काम पुढे सुरू झाले. ‘रसायनशास्त्राचे उत्तम ज्ञान, संघभावना, मेहनती वृत्ती’ या ओळीपाशी थांबून आपण म्हणालात की, ही ओळ प्रत्येक अर्जात असते आणि वाचणाऱ्याला तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारता येत नाही. ज्या ओळीवर प्रश्न विचारता येत नाही ती ओळ जागा अडवते. मग आपण मलाच प्रश्न विचारू लागलात. तृतीय वर्षाच्या प्रकल्पात मी नेमके काय केले? वाशिष्ठी खाडीकाठच्या विहिरींचे पाणी तपासले. पाण्यात काय पाहिले? क्लोराइड. कशाने? सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने (रंग बदलेपर्यंत द्रावण मोजून थेंबाथेंबाने घालत), म्हणजे मोहर पद्धतीने. किती विहिरी? बारा. कधी? मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर. आकडे कशाशी ताडून पाहिले? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, ज्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० मिलिग्रॅम आहे. मी बोलत होते आणि आपण माझ्याच कागदाच्या पाठीमागे ते लिहून घेत होतात. ‘ज्ञान’ या शब्दाच्या जागी तपासले, मोजले, नोंदवले, ताडून पाहिले अशी क्रियापदे आली आणि विहिरींची संख्या, पद्धत व मर्यादा तीन ओळींत बसल्या. त्या तीन ओळी आपण शिक्षणाच्या खाली, पण छंदांच्या आणि स्पर्धांच्या प्रमाणपत्रांच्या वर नेऊन ठेवल्यात. (वक्तृत्वाचे माझे तृतीय पारितोषिक त्या भरात कायमचे गळाले. त्याची किंचित हळहळ मला अजूनही आहे.)

कामाचा अनुभव या मथळ्याखाली लिहायला माझ्याकडे काहीच नव्हते, अशी माझी समजूत होती. आंब्याच्या हंगामात घरी काय काम करतेस, असे आपण विचारलेत, तेव्हा पेट्यांची नोंदवही मी ठेवते हे मी सहज बोलून गेले. कोणत्या तारखेला किती पेट्या भरल्या, कोणत्या गाडीने गेल्या, किती फळ डागी निघाले आणि दलालाकडून आलेली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आपल्या नोंदीशी जुळते की नाही, हे पाहणे मला काम वाटतच नव्हते. घरच्या कामाला आपल्याकडे कोणी काम म्हणत नाही, आणि मुलींच्या कामाला तर नाहीच. आपण मात्र सांगितलेत की, गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत निम्मे काम नोंदींचे असते. तिथे चुकलेला आकडा खाडाखोड करून झाकायचा नसतो, तर खालचे वाचता येईल अशी एकच रेघ ओढून शेजारी सही व तारीख घालायची असते. ज्या मुलीने तीन हंगाम नोंदवही सांभाळली आहे तिने ते लिहिलेच पाहिजे, असा आपला आग्रह होता. माझ्या अर्जावरच्या आपल्या सगळ्या दुरुस्त्या अशाच एकेरी रेघेच्या होत्या, हे मला पुढे लक्षात आले.

बारीकसारीक गोष्टी आपण भराभर उरकल्यात. गुणांक लिहिताना तो दहापैकी आहे हे लिहायचे, शेवटची पदवी आधी आणि दहावी शेवटी ठेवायची, सगळे एका पानात बसवायचे, फाइल पीडीएफमध्ये पाठवायची आणि तिला ‘न्यू रेझ्युमे फायनल’ असे नाव न देता स्वतःचे नाव व पद द्यायचे, ईमेलचा पत्ता शाळेत असताना काढलेला नसावा. माझ्या मैत्रिणीला एका विषयात एटीकेटी लागली होती आणि ती त्याचे स्पष्टीकरण पत्रात देऊ पाहत होती. ते लपवायचे नाही, कारण गुणपत्रिका समोर येणारच आहे; पण कोणी विचारण्याआधी त्याची कैफियत मांडत बसायचेही नाही, हा आपला सल्ला तिच्या फार उपयोगी पडला.

रेझ्युमेसोबत जोडायच्या पत्राविषयी, म्हणजे कव्हर लेटरविषयी, मला सर्वांत अधिक आभार मानायचे आहेत. शाळेपासून आम्ही विनंतीपत्रे लिहीत आलो आहोत आणि त्यातला सूर हात जोडलेला असतो. माझ्या मसुद्यातही घरची परिस्थिती बेताची असल्याचा उल्लेख होता, नामांकित कंपनीची स्तुती होती आणि ‘संधी दिल्यास त्या संधीचे सोने करीन’ हे वाक्य होते. आपण ते मोठ्याने वाचून दाखवलेत आणि म्हणालात की, पत्र वाचणारा माणूस दयाळू असला तरी त्याला त्या टेबलावर दया करायची मुभा नसते. कोणाला बोलवायचे आणि का, हे त्याला वरिष्ठांना सांगावे लागते, तेव्हा ते ‘का’ त्याच्या हाती द्यावे. त्यानंतर पत्राचे तीन परिच्छेद झाले. पहिल्यात पद कोणते आणि जाहिरात कोठे पाहिली, दुसऱ्यात जाहिरातीतील दोन अपेक्षा आणि त्यांच्यासमोर माझ्या प्रकल्पातील व नोंदवहीतील पुरावा, तिसऱ्यात मी केव्हापासून रुजू होऊ शकते आणि पाळीत काम करायची तयारी आहे की नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील ही जागा मुळात प्रशिक्षणाची आहे, म्हणून काय येते याबरोबर काय शिकायचे आहे तेही एका वाक्यात लिहावे, ही सूचनाही आपलीच. इंग्रजी मसुदा करण्याआधी सगळे मराठीत बोलायला लावलेत, त्यामुळे वाक्ये माझी राहिली. एआयकडून पत्र लिहून घेणारे माझे वर्गमित्र आहेत आणि मी स्वतःही शेवटी स्पेलिंग त्याच्याकडूनच तपासून घेतले. पण खाडीकाठच्या विहिरी आणि आंब्याच्या पेट्या त्याला सांगितल्याशिवाय ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि त्या सांगण्याजोग्या आहेत हेच मला आपल्यामुळे कळले.

मुलाखतीत झाले ते आपल्याला ऐकायला आवडेल. समोरच्या बाईंनी माझ्या रेझ्युमेवर प्रकल्पाच्या ओळींखाली पेन्सिलीने खूण केली होती. विहिरीचे पाणी आम्लधर्मी असते तर या पद्धतीचे काय झाले असते, असे त्यांनी विचारले. रंगासाठी घातलेल्या क्रोमेटचे डायक्रोमेट होते, शेवट दाखवणारा विटकरी रंग उशिरा दिसतो आणि क्लोराइड प्रत्यक्षापेक्षा जास्त भरते, म्हणून आधी पीएच पाहून घेतला होता, असे मी सांगितले. दुसरा प्रश्न दलालाच्या पट्टीवर होता: आपली नोंद आणि त्याची नोंद जुळली नाही तर तू कोणाचे खरे मानायचीस? त्यावर आमचे बराच वेळ बोलणे झाले.

विभागातील दुसऱ्या वर्षाच्या काही मुली पुढच्या महिन्यापासून आपापले मसुदे घेऊन वाचनालयात येऊ इच्छितात. आपल्याला कोणते वार सोयीचे आहेत ते कृपया कळवावे. उंची आणि रक्तगट मी आधीच खोडून पाठवीन. आपण मोबदला म्हणून चहासुद्धा घेतला नाहीत, याची माझ्या वडिलांना रुखरुख लागली आहे. यंदाच्या नोंदवहीत पहिल्या पेटीपुढे त्यांनी आपले नाव लिहून ठेवले आहे, आणि ती नोंद खोडता येणार नाही असे त्यांनी आपल्याला कळवायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
रसायनशास्त्र विभागातील एक विद्यार्थिनी
चिपळूण