एक ऑगस्टची पहाट कम्प्युटरला ३१ जुलै का दिसते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात तुम्ही रोज गावोगावचे पावसाचे आकडे छापता, मालवण इतके मिमी, वेंगुर्ले इतके, हर्णै इतके, आणि सोबत "सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत" असं लिहिलेलं असतं. साडेआठच का, हे सहसा कोणी विचारत नाही. तर हवामान खात्याची निरीक्षणं जगभर चालणाऱ्या एकाच घड्याळाने म्हणजे यूटीसीने घेतात, यूटीसीचे ३ वाजले की आपल्याकडे साडेआठ, कारण आपण साडेपाच तास पुढे. आकडा कुठल्या घड्याळाचा हे खात्याने ठरवलंय आणि शेजारी लिहूनही ठेवलंय, त्यामुळे कुठल्याही दोन गावांचा पाऊस डोळे मिटून ताडून बघता येतो. आता कोकणातली निम्मी कामं ऑनलाइन गेलीत, बोटींच्या नोंदी, डिझेलचे हिशेब, लिलावाच्या पावत्या, होमस्टेचं बुकिंग, आणि यातल्या पुष्कळ सिस्टिम्समध्ये नेमकं हेच कोणी ठरवलेलं नसतं. मी डेटाबेसच्या कामात आहे, मालवणात घरून काम करतो, म्हणून जे दिसतं ते लिहितोय, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, हे इथे पोराटोरांनाही पाठ आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी न लोटणारे आहेतच, पण यांत्रिक बोटीवाले बरेच जण १ ऑगस्ट लागला रे लागला की मध्यरात्रीनंतर निघतात. समजा बोट रात्री २ वाजून ४० मिनिटांनी सुटली. आपल्या घड्याळात १ ऑगस्ट. यूटीसीत तोच क्षण म्हणजे ३१ जुलै, रात्रीचे ९ वाजून १० मिनिटं, म्हणजे सरळ सरळ बंदीच्या काळात! हे मी मनाने रचत नाहीये, आमच्याकडच्या एका मच्छीमार सोसायटीत अस्संच झालं, नाव लिहीत नाही कारण त्यांचा काही दोष नाही. पहिल्याच पहाटे गेलेल्या बोटी रिपोर्टमध्ये "बंदी मोडली" म्हणून लाल झाल्या. एक तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, तिथे येऊन म्हणाला, "आमी एक तारखेक गेलेलो, तुमच्या कम्प्युटरात एकतीस कशी?" सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर एकच, डेटा बरोबर आहे, दोन्हीकडे चेक केलाय. आणि खरं सांगायचं तर डेटा बरोबरच होता.

हे कसं ते जरा सांगतो. अशा सिस्टिममध्ये मुख्य डेटाबेस एका मशीनवर असतो आणि त्याची प्रत दुसऱ्या मशीनवर सतत तयार होत राहते, याला रेप्लिकेशन म्हणतात. मुख्य मशीनवर नोंदी पडतात, रिपोर्ट प्रतीवरून काढतात, म्हणजे मुख्यावर ताण येत नाही. ही चैन नाहीये, आपल्याकडे तर नाहीच नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे किती दिवस लाईट नव्हती ते आठवा, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा दुकानं-ऑफिसातले किती कम्प्युटर आणि दप्तरं चिखलात गेली ते आठवा. सगळा डेटा एकाच खोलीतल्या एकाच मशीनवर ठेवणं हे कोकणात वेडेपणाच आहे, प्रत लांब कुठेतरी हवीच. पण ती लांबची क्लाउडवरची मशीन बहुतेक वेळा यूटीसीवर लावलेली येते आणि इथली मुख्य मशीन कोणीतरी भारतीय वेळेवर लावलेली असते.

आता मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये वेळ ठेवायचे दोन मुख्य प्रकार. टाइमस्टॅम्प म्हटलं तर आत यूटीसी साठवतो आणि वाचताना तुमच्या कनेक्शनचा, म्हणजे डेटाबेसला जोडलेल्या प्रोग्रामचा, जो टाइमझोन असेल त्यात फिरवून देतो. डेटटाइम म्हटलं तर जे लिहिलं तेच ठेवतो, कुठल्या घड्याळाचं हे त्याला माहीतच नसतं. सोसायटीच्या टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, टाइमस्टॅम्प होता. प्रतीत तोच क्षण जसाच्या तसा पोचला, पण रिपोर्ट काढणारं कनेक्शन यूटीसीवर, त्याने त्या क्षणातून तारीख कापून घेतली आणि ती निघाली ३१. म्हणजे प्रत करणाऱ्याने काम चोख केलं, वाचणाऱ्याने घोळ घातला. म्हणून दोन्ही टेबलांची कितीही ताडणी करा, जुळतातच.

आणि हे टेस्टिंगमध्ये सापडलं का नाही? टेस्टिंग करतात कधी, तर सकाळी अकराला चहा झाल्यावर. भारतातले रात्री १२ ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळात यूटीसीची तारीख आपल्यापेक्षा एक दिवस मागे असते, उरलेला सगळा वेळ दोन्ही तारखा सारख्या. (आपल्या पंचांगासारखंच झालं म्हणा की, दिवस उजाडल्याशिवाय तारीख बदलायची नाही.) शहरातल्या ऑफिसात त्या साडेपाच तासांत सगळे झोपलेले असतात म्हणून कोणाचं काही अडत नाही, पण इथे जाळी, बर्फ, डिझेल सगळी धावपळ नेमकी त्याच वेळेला. शिवाय टेस्ट करणारे दोन्ही डेटाबेस एकाच लॅपटॉपवर चढवतात, दोन्हीचा टाइमझोन आपोआप एकच, मग ती टेस्ट पास होणार नाही तर काय होणार.

यावर मला नेहमी ऐकायला मिळतं की अहो भारतात एकच टाइमझोन, आपल्याला कशाला ही भानगड. एकच आहे हे खरं, ही प्रमाणवेळ १९०६ पासूनची, मुंबईने मात्र आपलं ३९ मिनिटं मागचं घड्याळ १९५५ पर्यंत सोडलं नव्हतं. पण मशीन कुठे मालवणात राहते? उलट आपल्याकडे घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे होत नाहीत म्हणून आपल्या पोरांना ही सवयच लागत नाही, अमेरिका-युरोपात ती होतात आणि तिथे दर वर्षी ठेच लागते तेव्हा लोक टेस्ट लिहायला शिकतात.

सोसायटीचा प्रकार निदान रिपोर्टपुरता होता, दुरुस्त झाला. मला खरी भीती वाटते ती मुख्य मशीन बंद पडून प्रतीला मुख्य करावं लागतं त्या वेळची. वादळ आलं, इथली मशीन गेली, लांबची प्रत पुढे आली, सगळे म्हणाले वा काम थांबलं नाही. पण ती मशीन यूटीसीवर, टेबलात डेटटाइम, आणि अ‍ॅप डेटाबेसलाच विचारतंय की आत्ता किती वाजले. पहाटे ४ ची नोंद आदल्या रात्रीचे साडेदहा म्हणून कायमची लिहिली गेली. आधीच्या ओळी भारतीय वेळेत, नंतरच्या यूटीसीत, एकाच रकान्यात, आणि कुठली कुठल्या घड्याळाची याची काही खूण नाही. हे मागाहून निस्तरणं म्हणजे लॉग (सिस्टिम आपोआप ठेवते ती घडामोडींची नोंद) उघडून एकेक ओळ शोधत बसायचं. अ‍ॅपने कनेक्ट होतानाच आपला टाइमझोन सांगितला तर हे टळतं, पण ते प्रत्येक ठिकाणाहून सांगायला हवं, रात्री आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमधूनसुद्धा, आणि तीच नेमकी राहते.

त्यात आणखी आपले जुगाडवाले. तारीख चुकतेय म्हटल्यावर कोणीतरी रिपोर्टमध्ये हाताने साडेपाच तास मिळवतो, काम भागतं. काही महिन्यांनी दुसरा कोणी सर्व्हरच भारतीय वेळेवर लावतो, आता साडेपाच तास दोनदा मिळतात आणि २:४० ला गेलेली बोट ८:१० ला गेलेली दिसते. बॅकअपवरून परत उभं करतानाही तेच. मायएसक्यूएलच्या लॉगमधून अमुक वेळेपर्यंतचा डेटा परत आणा असं सांगितलं की ती वेळ ज्या मशीनवर कमांड चालवली त्या मशीनच्या घड्याळाची धरली जाते. तुम्ही म्हणता पहाटे ४ पर्यंत, यूटीसीवरची मशीन समजते आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ, आणि ज्या गडबडीच्या आधीचं हवं होतं ती गडबडही परत येते.

मग टेस्ट कशी करावी? माझं म्हणणं, दोन्ही मशीन मुद्दाम वेगवेगळ्या घड्याळावर लावा, आणि प्रतीला नुसतं यूटीसी नको, काठमांडू द्या. नेपाळ आपल्या पाऊण... नाही, पाव तास पुढे आहे, ५:४५, त्यामुळे कोणी साडेपाच हाताने मिळवले असतील तर लगेच उघडे पडतात, आणि पूर्ण तासांचाच हिशेब धरणारा कोडही सापडतो. मग रात्री ११:५९, १२:०१, पहाटे ५:२९, ५:३१ अशा वेळांच्या नोंदी टाका, ३१ जुलै आणि ३१ मार्चच्या रात्री तर हव्यातच, कारण आर्थिक वर्ष बदलतं तिथे पैशाचा प्रश्न येतो. प्रत थोडा वेळ बंद ठेवून मग चालू करा, म्हणजे मागे पडलेल्या प्रतीत उशिराची वेळ तर लागत नाही ना ते कळेल. जुन्या पद्धतीचं रेप्लिकेशन असेल जिथे ओळींऐवजी कमांडच पाठवली जाते, तिथे सिसडेटसारखं आत्ताची वेळ सांगणारं फंक्शन प्रतीवर पुन्हा चालतं आणि प्रतीचीच वेळ लावतं. टाइमझोनची नावं डेटाबेसमध्ये भरलेली आहेत का तेही बघा, नसतील तर वेळ बदलणारं फंक्शन एरर न देता रिकामं उत्तर देतं आणि रिपोर्टमध्ये तारखेच्या जागी काहीच येत नाही. आणि शेवटी मुख्य मशीन बंद करून प्रतीला मुख्य करा आणि हेच सगळं परत एकदा. एका माणसाचं फार तर दोनेक दिवसांचं काम.

माझी मागणी एवढीच की मत्स्य व्यवसाय, बंदरं, नगरपंचायती, सोसायट्या जे कोणी अशी सिस्टिम बनवून घेतात त्यांनी शेवटचा हप्ता देण्याआधी ही टेस्ट आपल्यासमोर करून मागावी, आणि टेंडरमध्ये एक वाक्य घालावं की वेळ यूटीसीत साठवायची, दाखवताना भारतीय वेळेत दाखवायची, आणि प्रत्येक रिपोर्टवर कुठली वेळ ते छापायचं. ठेकेदार म्हणतील जास्तीचे पैसे पडतील. देऊ नका, हे मुळात त्यांच्या कामातच येतं. आणि ज्यांच्याकडे सिस्टिम आधीच चालू आहे त्यांनी गेल्या हंगामातल्या १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतरच्या नोंदी काढून तांडेलाच्या वहीशी एकदा लावून बघाव्यात, बंदी मोडल्याची नोटीस कोणाला गेली असेल तर आधी त्याच्या.

आपला,
एक वाचक, मालवण