गेल्या वर्षीचे भाकीतही शेजारी छापा

महोदय,

वर्ष सरत आले की आपल्या अर्थ पुरवणीत पुढच्या वर्षी शेअर बाजारात कोणती क्षेत्रे चमकतील याचे लेख सुरू होतात. मी ते आवडीने वाचतो. मात्र याच पानावर गेल्या वर्षी ज्यांना पसंती मिळाली होती त्या क्षेत्रांचे पुढे काय झाले, हे कधीच वाचायला मिळत नाही.

या याद्यांत बहुधा सरत्या वर्षी बाजी मारलेलीच क्षेत्रे असतात. वरातीमागून घोडे! अमेरिकेतल्या सुमारे पाचशे बड्या कंपन्यांच्या एस अँड पी 500 निर्देशांकाकडे पाहा. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे तेलाची मागणी आटली, 20 एप्रिलला तिथल्या कच्च्या तेलाच्या वायद्याचा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा) भाव चक्क शून्याखाली गेला आणि ऊर्जा क्षेत्र वर्षअखेरीस सुमारे एक तृतीयांश घसरून तळाला राहिले. त्या डिसेंबरात ऊर्जेची शिफारस करणाऱ्याला कोणी दारात उभे केले नसते. पुढची दोन्ही वर्षे तेच क्षेत्र पहिले आले. 2023 मध्ये ते पुन्हा मागे पडले आणि पुढे कोण आले, तर 2022 मध्ये सपाटून मार खाल्लेले तंत्रज्ञान आणि संदेशवहन. संदेशवहन क्षेत्र 2022 मध्ये सुमारे 40 टक्के कोसळले होते, 2023 मध्ये 50 टक्क्यांहून अधिक चढले. (40 टक्के घसरणीनंतर 50 टक्के वाढ झाली तरी शंभराचे नव्वदच होतात, हे जाता जाता.) शिवाय त्या क्षेत्रात अल्फाबेट (गुगलची मालक) आणि मेटा (फेसबुकची मालक) या दोनच कंपन्यांचा भार प्रचंड आहे. म्हणजे भाकीत क्षेत्राचे नव्हे, दोन कंपन्यांचे ठरते.

लेखकांचा अभ्यास कमी पडतो असे मला म्हणायचे नाही. व्याजदर उतरतील, अमुक मालाची मागणी वाढेल, हे त्यांचे अंदाज बरोबरही येतात. पण जे सगळ्यांना दिसते ते भावात आधीच उतरलेले असते. धंदा वाढला तरी अपेक्षेएवढाच वाढला तर शेअर जागचा हलत नाही. अपेक्षेहून थोडा कमी वाढला तर पडतो. ‘या क्षेत्राला उज्ज्वल भवितव्य आहे’ असे लिहिताना ते भवितव्य आज किती महाग मिळते आहे, हे बहुतेक लेखांत नसतेच.

आणि अचूकतेच्या दाव्यांबद्दल. एस अँड पी 500 मध्ये 11 क्षेत्रे आहेत. डोळे मिटून त्यांतली तीन निवडली, तरी निदान एक पहिल्या तिनांत येण्याची शक्यता 66 टक्के असते. त्यामुळे ‘आमचे अमुक क्षेत्र बरोबर आले’ ही जाहिरात दरवर्षी कोणी ना कोणी करू शकतो.

म्हणून विनंती एवढीच, की यंदाच्या यादीशेजारी त्याच लेखकाची गेल्या वर्षीची यादी छापावी आणि प्रत्येक क्षेत्रापुढे निर्देशांकाच्या तुलनेत त्याचा परतावा द्यावा. काय घडले तर आपला अंदाज चुकला असे मानायचे, हेही लेखकाने आधीच लिहून द्यावे. सुचवलेल्या क्षेत्रांत त्याची स्वतःची गुंतवणूक असेल तर तोही उल्लेख हवा, आणि तो तळाच्या बारीक टायपात नको.

आपला,
एक नियमित वाचक