जीएमची खुर्ची मागून घेणाऱ्या मित्राला

प्रिय मित्रा,

हे पत्र तुला एकट्याला पाठवता आलं असतं. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन फाशांनी गोष्ट खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक रोलप्लेइंग ग्रुपमध्ये एक कायमचा जीएम, म्हणजे गेम मास्टर, जग रचून खेळ चालवणारा माणूस असतो, आणि त्याच ग्रुपमध्ये तुझ्यासारखा कुणीतरी असतो ज्याच्या मनात 'मी चालवू का?' हा प्रश्न कधीपासून घोळत असतो. त्याने तो बोलून दाखवावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तू बोलून दाखवलंस तेव्हा आपलं मोठं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चाललेली सलग गोष्ट, नुकतंच संपलं होतं. पुढच्या वेळी कोण कोणता क्लास, म्हणजे योद्धा, चोर असा पात्राचा प्रकार, घेणार यावर बाकीच्यांच्या गप्पा रंगल्या होत्या, आणि पुढचं जग मीच उभं करणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा. मनात नकाशा आखायला घेतलाही होता. तू मध्येच म्हणालास, "पुढचं मी चालवतो. तू कॅरेक्टर बनव." मी काही बोलायच्या आत तू कोरी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, माझ्यापुढे सरकवली होतीस. त्या कागदाबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेलेत.

कायमचा जीएम ठरवून कुणी होत नाही. ज्याने नियमांचं जाडजूड पुस्तक सगळ्यांच्या आधी वाचलं, तो पहिल्यांदा चालवतो. दुसऱ्यांदाही तोच, कारण त्याला जमतं. मग वर्षं जातात आणि बाकीच्यांच्या मनात त्या खुर्चीची उंची वाढत जाते. माझे नकाशे, एनपीसींच्या (जीएमने रंगवायच्या पात्रांच्या) याद्या, प्रत्येकाचा वेगळा आवाज, हे सगळं बघून नव्या माणसाला वाटतं की जीएम व्हायचं तर एवढं सगळं यायलाच हवं. एकच माणूस जितका जास्त काळ चालवतो, तितकं दुसऱ्या कुणाला हात वर करणं जड जातं. यात दोष कुणाचाच नाही. पण ही गाठ खुर्चीत बसलेल्या माणसाकडून सुटत नाही, ती दुसऱ्यानेच सोडवावी लागते. मी कितीही वेळा "कुणाला चालवायचंय का?" असं विचारलं तरी समोरून "तू छान चालवतेस गं" हेच उत्तर यायचं, आणि ते प्रेमानेच यायचं.

लोकांना वाटतं जीएमचं काम म्हणजे गोष्ट सांगणं. गोष्ट हा त्यातला अगदी छोटा भाग. सगळ्यांच्या मोकळ्या वेळा जुळवायच्या, मागच्या सेशनला कोणी कोणत्या सरदाराला काय वचन दिलं ते लक्षात ठेवायचं, लढाईत अर्धा डझन गॉब्लिनांचे हिट पॉइंट, म्हणजे किती जीव उरलाय त्याचे आकडे, वेगवेगळे मांडायचे, कोण बराच वेळ गप्प बसलाय ते हेरून प्रसंग अलगद त्याच्याकडे वळवायचा. हे सगळं एकाच वेळी, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता. तरीही मला जीएमगिरी मनापासून आवडते. माझ्या तयारीला पार बगल देऊन तुम्ही भलत्याच गावाकडे घोडे वळवलेत की मला अजूनही आनंदाच्या उकळ्या फुटतात. म्हणून तू मला ओझ्यातून सोडवलंस असं म्हणणार नाही. तू मला जे दिलंस ते त्या खुर्चीत बसून कधीच मिळालं नसतं.

जीएमला दारापलीकडे काय आहे ते माहीत असतं. खेळाडूंचे निर्णय त्याला चकित करतात, पण जग त्याला चकित करत नाही, कारण ते त्यानेच रचलेलं असतं किंवा त्या क्षणी त्याच्याच डोक्यात रचलं जात असतं. इतकी वर्षं मी बाकीच्यांचे चेहरे बघत आले: दार उघडताना श्वास रोखलेले, फासा थांबेपर्यंत टेबलाकडे झुकलेले. ते बघण्यात सुख आहेच. पण तो श्वास आपणही कधी रोखावा ही इच्छा मनातून गेली नव्हती, आणि ती बोलून दाखवायची सोयही नव्हती, कारण त्यासाठी दुसऱ्या कुणावर तरी काम टाकावं लागलं असतं.

पहिल्या सेशनच्या आधी तुझा मेसेज आला होता. क्लास, लेव्हल, स्टॅट यांतलं काही नाही. एवढंच: "नाव नंतर ठरव. आधी सांग, तिच्याकडे कुणाची कोणती वस्तू आहे जी परत द्यायची राहून गेली?" मी खेळाडूंना पार्श्वभूमी विचारते तेव्हा पानभर प्रश्न पाठवते. जन्मगाव, कुटुंब, शत्रू, ध्येय. तुझा एकच प्रश्न त्या पानाला भारी पडला. मी फार विचार न करता लिहिलं, "एका दीपगृहाची किल्ली. लहानपणी चोरली होती." माझी चोरटी तिथूनच जन्माला आली. तू त्यावर फक्त "बरं" एवढंच पाठवलंस.

आणि नोट्स दाखवायला तू ठाम नकार दिलास. मी मदतीच्याच भावनेने म्हटलं होतं की हवं तर एकदा नजर टाकते, लढाया फार अवघड झाल्या असतील तर सांगते. तू म्हणालास, "तू वाचलंस तर तू खेळणार नाहीस." मग पुढे एक अटही घातलीस: टेबलावर मी फक्त माझी कॅरेक्टर, नियम तू विचारलेस तरच सांगायचे. पहिल्याच लढाईत कुणीतरी राक्षसाच्या कमरेला मिठी मारली आणि धरपकडीचा नियम तुला आठवेना. तू म्हणालास, "आत्ता दोघांनी ताकदीवर रोल करा, जास्त येईल तो जिंकला. पुस्तकात नंतर बघू." खेळ क्षणभरही अडला नाही. जुन्या जीएमसमोर पहिल्यांदा चालवताना असा निर्णय पटकन देणं किती कठीण असतं, ते मला माहीत आहे. मी शेजारी बसलेली असताना तू एकदाही माझ्या चेहऱ्याकडे बघून होकार शोधला नाहीस. ज्यांना अशी मदत करायची आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. जुन्या जीएमला सल्लागार करून शेजारी बसवलं, तर तो मनाने अजून जीएमच्या नोट्स झाकणाऱ्या पडद्यामागेच बसलेला असतो.

आता त्या दाराबद्दल.

पडक्या किल्ल्याखालचा बोगदा, शेवटी एक लाकडी दार, आतून कडी. मी म्हटलं, चोरटी दाराला कान लावते. तू रोल मागितलास, मला सतरा पडले. तू घाई केली नाहीस. म्हणालास, "आत कुणीतरी हळू आवाजात आकडे मोजतंय. उलटे." बस्स. त्यानंतर टेबलावर जो कल्लोळ झाला तो तुला आठवत असेलच. कुणी म्हणालं विधी चाललाय, शून्यावर काहीतरी फुटणार. कुणी म्हणालं भूत आहे. मागे फिरावं की दार फोडावं यावर वाद पेटला आणि मी त्या वादात इतर सगळ्यांइतकीच अडाणी होते. मला खरंच काही कल्पना नव्हती. हातातला फासा नुसता फिरवत बसले होते. ही अवस्था मी इतकी वर्षं दुसऱ्यांना देत आले होते, आणि ती आतून अशी लागते हे मला त्या दिवशी कळलं.

दार उघडलं तर आत एक म्हातारा, हातात रिकामा होत आलेला तेलाचा डबा. उरलेलं तेल किती रात्री पुरेल ते मोजत होता. माझ्या डोक्यात अजून सापळ्यांचेच विचार चालू होते. त्याने मान वर केली, सगळ्यांना सोडून माझ्या चोरटीकडे बघितलं आणि तू त्याच्या आवाजात विचारलंस, "कोठाराची किल्ली आणलीस?"

मी ती किल्ली विसरले होते. शीटवर सामानाच्या यादीत दोरी आणि मशालींच्या खाली ती लिहिलेली होती, आणि इतक्या सेशनांत मी तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. तेलाच्या कोठाराची किल्ली चोरीला गेली, दीपगृह विझत गेलं, जहाजं खडकांवर आली, आणि तो उरलेलं तेल घेऊन अंधारात उतरला. हे सगळं तू माझ्या एका ओळीच्या उत्तरातून काढलं होतंस आणि तोंडातून अवाक्षर न काढता सांभाळून ठेवलं होतंस. खेळाडूने सहज टाकलेला धागा उचलून कथेत विणायचा, हे जीएमचं सगळ्यात जुनं कसब. मी ते इतरांसाठी कितीदा केलंय. माझ्यासाठी ते याआधी कुणी केलं नव्हतं, कारण करायला कुणी नव्हतंच. त्या जागी मी असते तर दारामागे सापळा ठेवला असता, चांगला, चुरशीचा सापळा. तू माणूस ठेवलास. माझ्या मते तुझा निर्णय जास्त चांगला होता.

त्याच रात्री माझी चोरटी शून्य हिट पॉइंटवर पडली. अशा वेळी जगण्यासाठी फासा टाकायचा: वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा जास्त आले तर यश, म्हणजे दर वेळी ५५ टक्के. तीन यशं आली तर जीव वाचतो, तीन अपयशं आली तर गेला. हे गणित मी शेकडो वेळा समजावून सांगितलंय. पण स्वतःच्या कॅरेक्टरसाठी, दोन अपयशं पदरात असताना, सगळ्यांसमोर फासा टाकायची वेळ आली तेव्हा ते ५५ टक्के कुठल्या कुठे पळाले. तू फासा पडद्यामागे टाकायला सांगितला नाहीस, आकडा झाकला नाहीस. चौदा पडले. मी खुर्चीवरून उठून ओरडले आणि तुला हसू आवरेना.

थोडं विषयांतर करते, पण हे तुला सांगायचंच होतं. हा सगळा खेळ मुळात अशाच खुर्चीबदलांतून जन्माला आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटात डेव्हिड वेझली यांनी युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींसाठी 'ब्राउनश्टाइन' घेतला, ज्यात सैन्य हलवण्याऐवजी एकेका माणसाची भूमिका करायची होती. वेझली लष्करी सेवेसाठी दूर गेले, तेव्हा त्यांच्याच टेबलावर खेळणारे डेव्ह आर्नेसन तसे खेळ चालवू लागले, आणि त्यातून पुढे त्यांचं 'ब्लॅकमूर' हे खेळाचं काल्पनिक जग उभं राहिलं. आर्नेसननी ते गॅरी गायगॅक्सना खेळवून दाखवलं. गायगॅक्सनी मग स्वतःचं 'ग्रेहॉक' सुरू केलं, आणि १९७४ मध्ये दोघांच्या नावाने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा रोलप्लेइंग खेळ निघाला. दर टप्प्यावर कालचा खेळाडू आजचा पंच, म्हणजे आपल्या भाषेत जीएम, झालेला दिसतो. गंमत म्हणजे त्या पहिल्या आवृत्तीतच साधारण वीस खेळाडूंमागे एक पंच असावा असं लिहिलंय, आणि एकाने सगळ्यांचं ओढायचं ही सवय बहुधा तेव्हापासूनचीच. १९८७ च्या 'आर्स मॅजिका'ने जीएमपद आळीपाळीने घ्यायची रीत सुचवली, २००९ मध्ये आलेला 'फियास्को' तर जीएमशिवायच खेळतात. वाटा कधीच्या होत्या. आपल्या टेबलावर त्यातल्या एका वाटेने कुणीतरी पहिलं पाऊल टाकायला हवं होतं, ते तू टाकलंस.

त्याचा परिणाम माझ्यापुरता राहिला नाही. तुझी तयारी म्हणजे एका कागदावर चार-पाच ओळी असायच्या, त्याही अर्ध्या खोडलेल्या. नकाशा बोलता बोलता कागदावर काढायचास. ते बघून आपल्यातली सगळ्यात गप्प खेळाडू परवा म्हणाली, "एवढंच लागत असेल तर एक वन-शॉट, एका बैठकीत संपणारी गोष्ट, मी चालवून बघते." माझ्या पडद्यामागे बघून असं तिला कधी वाटलं नव्हतं. खुर्चीची जी उंची वर्षानुवर्षं वाढत गेली होती, ती तू काही सेशनांत खाली आणलीस. यासाठी तुझे आभार मला माझ्यापेक्षा ग्रुपच्या वतीने जास्त मानायचे आहेत.

तुला कदाचित हे सगळं फार वाटेल. तू म्हणशील, चार मित्रांनी फासे टाकले, त्यात आभार कसले. पण दर आठवड्याला दुसऱ्यांसाठी जग उभं करणाऱ्या माणसाला कुणीतरी एक जग हातात देतं, त्यातलं काहीही आधी न सांगता, तेव्हा त्याला काय मिळतं ते मी आता अनुभवलंय. ते नुसत्या 'थँक्यू'त मावलं नसतं.

किल्ली मी म्हाताऱ्याला परत दिली, पण दीपगृह अजून पेटलेलं नाही, आणि त्याचं पुढे काय होणार ते मला अजिबात सांगू नकोस. तुझं कॅम्पेन संपलं की वन-शॉटचा नंबर तिचा, त्यानंतर माझा. तेव्हा तू खेळाडू असशील आणि तुझ्या नोट्स-नकाराची सव्याज परतफेड होईल: तुलाही एक ओळसुद्धा दाखवणार नाही. प्रश्न मात्र तुझाच वापरणार आहे. तुझ्या कॅरेक्टरकडे कुणाची कोणती वस्तू परत द्यायची राहिलीय, ते आत्तापासून ठरवून ठेव.

तुझी,
चोरटी (आणि अधूनमधून जीएम)