साथीदारांचं मानधन

मिरज

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. दिवाळी पहाटेला गायला बोलावलंय, मानधन नाही, पण ‘भरपूर लोक ऐकतील’, आणि तबला-पेटीवाले तूच घेऊन यायचे. मला खटकलं ते हे शेवटचं.

फुकट गाण्याचं मला वावडं नाही. इथं दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत भलेभले येऊन हजेरी लावतात, बिदागीचं नाव काढत नाहीत. मीही तिथं पेटी धरली आहे आणि पुन्हा कधीही धरीन. तिथं कुणीही यावं, बसावं, ऐकावं. त्या गाण्यावर कुणी धंदा करत नाही. गुरुपौर्णिमेचंही तसंच.

तुझ्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर मात्र बिल्डर आहे, सराफ आहे. मांडववाल्याला पैसे, फराळवाल्याला पैसे. साऊंडवाल्याला कुणी म्हणतं का, की तुझे स्पीकर भरपूर लोक ऐकतील, तेवढ्यावर भागव?

आणि कलेचे पैसे मागणं हलकं, असं कुणी ऐकवलं तर त्यांना गवई विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण करून दे. याच मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकून ते 1896 साली बाहेर पडले आणि तिकीट लावून जाहीर जलसे करू लागले. तोवर गवयाचं पोट राजेरजवाड्यांच्या मर्जीवर. पुढं 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एवढा रामभक्त माणूस, पण तिकिटाची लाज बाळगली नाही.

तरीही तुला गायचंच असेल तर गा. तुझा गळा, तुझी मर्जी. नाव तुझं मोठ्या अक्षरात छापलं जाईल, त्यातून उद्या दुसरं बोलावणं येईलही. तबलजीला काय मिळणार? त्याचं नाव खाली बारीक टायपात, नाहीतर नुसतंच ‘साथसंगत’. दिवाळीचा आठवडा म्हणजे त्याचा कमाईचा हंगाम. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, बदलायला पैसे लागतात, पहाटे चारला तबला-डग्गा घेऊन रिक्षा करावी लागते. तो मित्र आहे म्हणून तुला नाही म्हणणार नाही, आणि तिथंच घोळ आहे.

एका मैफलीत गायकानं माईकवरून जाहीर केलं, ‘आज आम्ही सगळे सेवा म्हणून आलो आहोत.’ श्रोत्यांबरोबरच मलाही ते तेव्हाच कळलं! टाळ्या त्यांना पडल्या. घरी आल्यावर आईनं पाकीट विचारलं, तेव्हा काय सांगणार?

तेव्हा संयोजकांना सरळ विचार, साथीदारांचं मानधन आणि प्रवासखर्च कोण देणार? ते देत नसतील आणि तुला तरीही गायचं असेल, तर तुझ्या पदरचे दे. तेवढी ऐपत आत्ता नाही, हे मला माहीत आहे. मग नम्रपणे नाही म्हण. तुझ्या जागी दुसरी कुणी गाईल. गाऊ दे.

आणखी एक. हे लोक हल्ली कार्यक्रम लाइव्ह दाखवतात आणि रेकॉर्डिंग नंतर वर्षभर फिरवतात. 2012 च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यात आपल्या सादरीकरणाच्या रेकॉर्डिंगचा हक्क गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला दिलेला आहे. परवानगी द्यायची तर कशासाठी, कुठं, ते लिहून घे, आणि साथीदारांनाही विचार.

तबलजीला अजून बोलली नसशील तर आधी संयोजकांना फोन कर.

तुझा,
बाबा