खेळाडूचा दाखला अडवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांत पैसा शिरला, मुले दरवर्षी कॉलेज बदलू लागली आणि निष्ठा संपली, असा सूर आपल्याकडे अधूनमधून वाचायला मिळतो. मी मूळची मिरजेची, पण कित्येक वर्षे ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठाच्या गावात राहते आणि इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाची कट्टर चाहती आहे. या संघाचे काय झाले ते डोळ्यांदेखत पाहिले, म्हणून दुसरी बाजू मांडते. आपल्याकडे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूचा दाखला अडवतात, त्याविषयीही शेवटी लिहिते.

इंडियाना हे बास्केटबॉलचे राज्य. १९७६ साली एकही सामना न हरता विजेता ठरलेल्या संघातली नावे इथली जुनी माणसे अजून घडाघडा सांगतात. फुटबॉलचे मात्र कुणी नाव काढत नसे. देशातल्या वरच्या विभागात सर्वाधिक पराभव आमच्याच नावावर होते. २०२३ मध्ये १२ सामन्यांत जेमतेम ३ विजय. ओहायो स्टेटचा सामना असला की आमच्याच स्टेडियमात पाहुण्यांचा आवाज मोठा, आणि आमची माणसे मध्यंतराला पार्किंगमध्ये मांडलेल्या खाण्यापिण्याच्या शेगड्यांकडे गेली की परत येत नसत.

त्या वर्षाच्या अखेरीस व्हर्जिनियातल्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांच्यामागोमाग तिथले १३ खेळाडू. पूर्वी हे जमले नसते. कॉलेज बदलले की खेळाडूला वर्षभर बाहेर बसावे लागे. ही अट २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती गेली आणि २०२४ मध्ये उरलेलीही गेली. प्रशिक्षकांना अशी अट कधीच नव्हती. मुलाच्या घरी जायचे, आईच्या हातचे जेवायचे, ‘पोराची काळजी सोडा’ म्हणायचे आणि सहा महिन्यांत जास्त पगारावर दुसरीकडे निघून जायचे. पोरगा तिथेच अडकायचा. ही कसली निष्ठा?

सिग्नेटी शाळकरी मुलांच्या मानांकनाला फार भाव देत नाहीत. कॉलेजच्या मैदानावर ज्याने करून दाखवले आहे, तो त्यांना हवा असतो. एलायजा सॅरट पेनसिल्व्हेनियातल्या सेंट फ्रान्सिस या छोट्या विद्यापीठातून जेम्स मॅडिसनला आणि तिथून आमच्याकडे आला. पहिल्याच मोसमात ११ विजय मिळाले. पुढच्या मोसमासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातून फर्नांडो मेंडोझा हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, आला.

नोव्हेंबर २०२५ मधला पेन स्टेटविरुद्धचा सामना मी टीव्हीसमोर उभी राहून पाहिला. आम्ही मागे पडलो होतो, दोन मिनिटेही उरली नव्हती आणि ८० यार्ड जायचे होते. शेवटी मेंडोझाने चेंडू गोलक्षेत्राच्या मागच्या कडेला उंच फेकला. ओमर कूपरने हवेत झेप घेऊन तो पकडला, तोल रेषेबाहेर जात असताना एका पायाचा चवडा आत टेकवला आणि मग तो बाहेर पडला. पाय आत टेकला म्हणून झेल मान्य झाला आणि आम्ही जिंकलो, २७-२४. हा कूपर शेजारच्या इंडियानापोलिसचा, आधीच्या प्रशिक्षकांनी शाळेतून घेतलेला. पडत्या काळातही तो इथेच राहिला. जायची मोकळीक असताना जो राहतो, त्याचे राहणे मला फार मोलाचे वाटते. पुढे मेंडोझाला कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला आणि १९ जानेवारी २०२६ रोजी मायामी विद्यापीठाला २७-२१ असे हरवून, १६ पैकी १६ सामने जिंकून आम्ही राष्ट्रीय विजेते झालो.

जेम्स मॅडिसनचे काय झाले, हे विचारायलाच हवे. तेही नव्याने उभे राहिले आणि त्याच मोसमात १२ संघांच्या राष्ट्रीय बादफेरीत पोहोचले.

सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. कॉलेज बदलण्याची मुदत यंदा २ ते १६ जानेवारी होती आणि आमचा उपांत्य सामना ९ जानेवारीला! पोरांनी सामना खेळायचा की इतर कॉलेजांचे फोन घ्यायचे? ही मुदत मोसम संपल्यावरच हवी. पैशाचे म्हणाल, तर जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना खेळाच्या उत्पन्नातला थेट वाटा देऊ शकतात आणि त्याला वार्षिक मर्यादाही आहे. ज्यांच्या जिवावर स्टेडियम भरते त्यांना तो मिळालाच पाहिजे.

हे मराठी वर्तमानपत्राला लिहिण्याचे कारण माझा भाचा. तो कबड्डी खेळतो. आपल्याकडच्या एका कॉलेजने फी माफी, होस्टेल आणि खुराक कबूल करून त्याला प्रवेश दिला. सगळे तोंडी. हातात पडले ते एक बुटाचे जोड. दुसऱ्या वर्षी दुसरीकडे जातो म्हटल्यावर ‘आधी विद्यापीठाच्या स्पर्धा होऊ देत’ म्हणून दाखला अडवला. दाजींनी हेलपाटे घातले. दाखला मिळाला तेव्हा दुसऱ्या कॉलेजची प्रवेशाची मुदत उलटून गेली होती. पोराचे वर्ष गेले.

खेळाडूला प्रवेशाच्या वेळी जे कबूल केले जाते ते लेखी द्यावे आणि त्याने मागितल्यावर आठ दिवसांत दाखला मिळावा, एवढे तरी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी ठरवून द्यावे. जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी आपल्या क्रीडापानाने हा प्रश्न लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

— आपली एक वाचक, ब्लूमिंग्टन, इंडियाना